पोलिसांचं सिटिझन पोर्टल: एफआयआर मिळतो, पण कलम कळतं का?

महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल एक काम बऱ्यापैकी करतं: दाखल झालेल्या एफआयआरची पीडीएफ घरबसल्या आणि फुकट हातात देतं. ती हातात आल्यावर मात्र माणूस अडतो. 'भा.न्या.सं. ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५) सह म.पो.का. १३५' अशी ओळ (म्हणजे भारतीय न्याय संहिता आणि महाराष्ट्र पोलीस कायदा यांची कलमं) समोर येते आणि त्यातलं काय गंभीर, काय किरकोळ, अटक होईल की नोटीस येईल, हे पोर्टल कुठेच सांगत नाही. म्हणून इथे पोर्टलचं परीक्षण एकट्याचं नाही. कलमाचा अर्थ लागेपर्यंत आणखी तीन सरकारी साधनं सोबत घ्यावी लागतात: संकलन हे ॲप, इंडिया कोड ही कायद्यांची साइट आणि ई-कोर्ट्स ही न्यायालयातल्या खटल्यांची साइट. चारही फुकट आहेत आणि चारही एकमेकांशी बोलत नाहीत. पोर्टलला प्रत मिळवण्यासाठी पाचपैकी चार गुण, समजावून सांगण्यासाठी एक.

आधी प्रत शोधण्याबद्दल. पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' हा विभाग आहे. तिथे जिल्हा, पोलीस ठाणे, तारखेपासून-तारखेपर्यंत आणि एफआयआर क्रमांक-वर्ष असे रकाने भरायचे. प्रत पाहायला खातं उघडावं लागत नाही. शोध फसतो तो बहुतेक वेळा 'जिल्हा' या रकान्यात. हा महसुली जिल्हा नसतो, पोलीस घटक असतो. पुण्यातला माणूस 'पुणे' शोधतो, पण तिथे पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड असे तीन घटक आहेत. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळं झालं, त्यामुळे त्याआधीचा गुन्हा आणि नंतरचा गुन्हा एकाच ठाण्याचा असूनही वेगळ्या घटकाखाली येऊ शकतो. मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय २०२० चं. नालासोपाऱ्याच्या जुन्या गुन्ह्यासाठी पालघर तपासावं लागतं. लोकलमध्ये किंवा फलाटावर मोबाइल गेला असेल तर शहर पोलिसांकडे शोधून उपयोग नाही, तो गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो.

घटक बरोबर निवडूनही प्रत दिसत नसेल तर कारण बहुधा या तिघांपैकी एक. एक, अजून वेळ झालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, अडचण असेल तिथे ही मुदत जास्तीत जास्त ७२ तास. दोन, गुन्हा संवेदनशील आहे. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद या प्रकारचे एफआयआर मुद्दाम प्रकाशित करत नाहीत. तीन, ज्याला आपण एफआयआर समजतो आहोत तो एफआयआर नाहीच, ती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) आहे. एनसीबद्दल पुढे सविस्तर.

आरोपीला प्रत हवी आणि ती पोर्टलवर नाही, असं झालं तर त्याच निकालात वाट दिली आहे. आरोपी किंवा त्याच्या वतीने कोणी पोलिसांकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करू शकतो, ती २४ तासांत द्यायची. न्यायालयाकडे अर्ज केला तर कामाच्या दोन दिवसांत. फिर्यादीला आणि पीडिताला प्रत फुकट मिळणं हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम १७३(२) प्रमाणे हक्क आहे. झेरॉक्सचे पैसेसुद्धा मागायचे नाहीत.

आता पीडीएफ वाचणं. फॉर्म सगळ्या राज्यात सारखा आहे, पंधरा रकान्यांचा. बहुतेक लोक दुसऱ्या रकान्यातली कलमं बघून घाबरतात आणि थेट बाराव्या रकान्यातल्या हकिकतीवर उडी मारतात. मधले रकाने जास्त बोलके आहेत.

तिसऱ्या रकान्यात गुन्हा घडल्याची तारीख-वेळ आणि ठाण्याला खबर मिळाल्याची तारीख-वेळ वेगवेगळी असते. घडल्याची तारीख १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहिता लागते, त्या दिवशी किंवा नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता. एफआयआर कधी नोंदला याने हे ठरत नाही. म्हणून २०२३ च्या फसवणुकीचा एफआयआर २०२५ मध्ये नोंदला तरी त्यात ४२० दिसणं बरोबर आहे, जरी तपासाची कार्यपद्धती नव्या नागरिक सुरक्षा संहितेची असली तरी.

आठवा रकाना उशिराच्या कारणाचा. तो कोरा किंवा 'निरंक' असेल आणि घटना-खबर यांत चार दिवसांचं अंतर असेल, तर आरोपीचा वकील सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो. फिर्यादीने सही करण्याआधी हा रकाना वाचावा. रुग्णालयात भरती होतो, गावाला होतो, जे खरं असेल ते तिथेच लिहून घ्यावं. नंतर पुरवणी जबाबात सांगितलेलं कारण मागाहून सुचल्यासारखं दिसतं.

नववा आणि दहावा रकाना मालमत्तेचा आणि तिच्या एकूण किमतीचा. हा आकडा सहज सांगितला जातो आणि नंतर तोच नडतो. चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर न्याय संहितेच्या ३०३(२) खाली शिक्षा सामाजिक सेवेची आहे. एरवी त्याच कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद. नुकसानीच्या ३२४ व्या कलमातही पायऱ्या पैशांवर आहेत: २०,००० पासून एक लाखाच्या आतलं नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. त्यामुळे गाडीची काच फोडली असेल तर ठाण्यात जाण्याआधी गॅरेजवाल्याकडून कोटेशन घेतलेलं बरं. मोबाइलचं बिल सापडत नसेल तर ऑनलाइन खरेदीची पावती किंवा बँकेची नोंद चालते.

तेराव्या रकान्यात पुढची कारवाई आणि तपासी अंमलदाराचं नाव-हुद्दा असतो. पाठपुरावा त्यांच्याकडे करायचा, ठाणे अंमलदाराकडे नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे, मेसेजवरही चालतं.

पोर्टलची खरी मर्यादा इथे कळते. पोर्टलवरची पीडीएफ पहिल्या दिवसाची आहे आणि तशीच राहते. मारामारीत सुरुवातीला ११५(२) लागतं, म्हणजे साधी दुखापत, एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड. दोन दिवसांनी वैद्यकीय दाखला येतो, हाड मोडलेलं किंवा दात तुटलेला निघतो, मग कलमवाढ होऊन ११७(२) लागतं आणि कमाल शिक्षा सात वर्षांवर जाते. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत पूर्वी २० दिवसांच्या तीव्र वेदना लागत, आता १५ दिवस पुरतात. ही कलमवाढ पोर्टलवर शोधू नका. ती तपासी अंमलदाराकडून, रिमांड अर्जातून किंवा शेवटी दोषारोपपत्रातून कळते. आणि दोषारोपपत्रातली कलमंही अंतिम नसतात. न्यायालय दोषारोप निश्चित करतं तेव्हा काही गळतात, काही बदलतात. एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला असं समजून व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आकड्यांचा सापळाही मोठा आहे. मराठी माणसाच्या तोंडी चारशे वीस, तीनशे दोन, तीनशे सात इतके मुरले आहेत की नव्या एफआयआरमध्ये तोच आकडा पाहून भलताच अर्थ काढला जातो. न्याय संहितेत एकूण ३५८ कलमं आहेत, ४२० क्रमांकाचं कलमच नाही. फसवणूक आता ३१८(४). खून १०३(१) मध्ये गेला, आणि नवं ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं आहे. खुनाचा प्रयत्न १०९. नवं ३०७ चोरीचं, जिथे इजा करण्याची तयारी ठेवून चोरी केली जाते. जुनं ३०४ सदोष मनुष्यवधाचं होतं, नवं ३०४ गळ्यातली साखळी हिसकावणाऱ्यांचं. ४९८(अ) आता ८५ झालं, विनयभंगाचं ३५४ आता ७४. आणि 'सह ३(५)' दिसलं तर तो वेगळा गुन्हा नाही, जुनं कलम ३४ आहे: अनेकांनी समान इराद्याने कृत्य केलं तर प्रत्येकजण जणू एकट्याने केलं असं धरलं जातं.

या जुन्या-नव्या जोड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचं संकलन ॲप घ्यावं. तिन्ही नवे कायदे आणि जुन्या-नव्या कलमांचा तक्ता त्यात आहे, इंटरनेट नसतानाही चालतं. खाजगी ॲपं ढिगाने आहेत, त्यांच्यातली भाषांतरं आणि जाहिराती दोन्ही सोसवत नाहीत.

संकलनमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट कलमांच्या मजकुरात नसून नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. प्रत्येक कलमासमोर शिक्षेनंतर तीन रकाने आहेत: दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या न्यायालयात चालणार. सामान्य माणसाला पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या तीन रकान्यांत आहेत. दखलपात्र म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. जामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क आहे, ठाण्यातूनच सुटका व्हायला हवी. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असं नाही. तो न्यायालयाच्या विवेकावर आहे.

एक नमुना घेऊ. दुचाकीने पादचाऱ्याला धडक दिली, पाय मोडला. एफआयआरमध्ये येतं: भा.न्या.सं. २८१, १२५(ब) सह मो.वा.का. १८४. अनुसूची उघडली की २८१ ला सहा महिने किंवा १,००० रुपये दंड, १२५(ब) ला तीन वर्षे किंवा १०,००० रुपये दंड, दोन्ही दखलपात्र, दोन्ही जामीनपात्र. म्हणजे ठाण्यातच जामीन होतो, चालकाला रात्रभर कोठडीत ठेवायचं कारण नाही. चालक प्यालेला असेल तर मोटार वाहन कायद्याचं १८५ जोडलं जातं; रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ही त्याची मर्यादा, पहिल्या वेळी सहा महिने किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

आता एनसी. शिवीगाळ (३५२), साधी मारहाण (११५(२)), धमकी (३५१(२)) ही शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या भांडणाची नेहमीची कलमं अदखलपात्र आहेत. ठाण्यात यांची एनसी नोंदवून एक पावती देतात आणि 'कोर्टात दाद मागा' असं सांगतात. लोकांना वाटतं पोलिसांनी टाळलं. कायद्याने त्यांचे हात खरोखर बांधलेले असतात: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अदखलपात्र गुन्ह्याचा तपास करता येत नाही. मात्र एकाच घटनेत एक जरी दखलपात्र कलम असेल तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. त्यामुळे मारहाणीत काठी किंवा सळई वापरली असेल आणि ती हकिकतीत आलीच नाही, तर दखलपात्र ११८(१) ऐवजी एनसी होते. सही करण्याआधी हकिकत वाचून बघा, हत्याराचा उल्लेख, तारीख, साक्षीदारांची नावं आली का ते पाहा. एनसी पोर्टलवरच्या एफआयआरच्या यादीत दिसत नाही, पावती हरवली की शोधणं जिकिरीचं. फोटो काढून ठेवावा. यातली ११५(२) आणि ३५२ सारखी कलमं पीडिताने मिटवली तर न्यायालयाच्या परवानगीशिवायही मिटतात. ३१८(४) ला परवानगी लागते.

राज्याच्या कायद्यांत मात्र ही सगळी साधनं उघडी पडतात. एफआयआरमध्ये 'म.पो.का.', 'म.दा.का.', 'म.जु.प्र.का.' (महाराष्ट्राचे पोलीस, दारूबंदी आणि जुगार प्रतिबंधक कायदे) अशी आद्याक्षरं येतात. संकलन ॲप केंद्राच्या तीन कायद्यांपुरतं आहे, यांना ते ओळखत नाही. मग इंडिया कोड साइटवर राज्य म्हणून महाराष्ट्र निवडून शोधावं लागतं, आणि तिथे नाव माहीत असावं लागतं. २०१२ च्या सुधारणेने कायद्यांच्या नावांतला 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आला, जुन्या निकालांत आणि वकिलांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. मजकूर मराठीत हवा असेल तर राज्याच्या विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावरची पीडीएफ बघावी. कुठूनही घ्या, मुखपृष्ठावर 'अमुक दिनांकापर्यंत सुधारित' हे वाचल्याशिवाय शिक्षेचा आकडा खरा मानू नका. जुन्या प्रतीत दंडाची रक्कम सर्रास शिळी असते.

रोजच्या आयुष्यात राज्याचे कायदे केवढे घुसलेले आहेत याची कल्पना बऱ्याच जणांना नसते. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात वर्तमानपत्रात येणारा '३७(१)(३) लागू' हा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चा. ३७(१) शस्त्रं, लाठ्या, दगड बाळगण्यावर बंदी घालतं, ३७(३) जमाव, मिरवणुकांवर. ३७(३) ची बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे चालत नाही, म्हणून ती पंधरवड्या-पंधरवड्याने नव्याने निघत राहते. मोडली की १३५. आणि ३७(१) मोडल्याबद्दलच्या १३५ मध्ये किमान शिक्षा आहे: चार महिने ते एक वर्ष कैद आणि वर दंड, चार महिन्यांपेक्षा कमी द्यायची तर न्यायालयाला कारणं लिहावी लागतात. वाढदिवसाला तलवारीने केक कापणाऱ्यांवर शस्त्र अधिनियमासोबत हेच कलम लागतं. 'किरकोळ १३५ आहे' असं म्हणणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये.

दारूबंदी कायदा, १९४९ हा दुसरा. बंदी फक्त वर्धा-गडचिरोलीत आहे असा सार्वत्रिक समज आहे. कायदा सगळ्या राज्याला लागू आहे. बाकी जिल्ह्यांत परवान्याने पिता येतं एवढाच फरक. परवाना नसताना पिणं ६६(१)(ब), बेकायदा जवळ बाळगणं ६५(ई), गुत्ता चालवणं ६८, गुत्त्यात पिताना सापडणं ८४, सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा ८५. इथली रक्तातली पातळी मोटार वाहन कायद्याहून वेगळी: ०.०५ टक्के किंवा जास्त निघालं की ते औषधातून किंवा कायदेशीर मार्गाने आलं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर जातो. गोव्याहून आणलेली बाटली हा तर कोकणातला नेहमीचा विषय. पिण्याचा परवाना खिशात असला तरी महाराष्ट्राचं शुल्क न भरता दारू राज्यात आणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गोव्याच्या सीमेजवळच्या इन्सुली नाक्यावर 'गोव्यात ती कायदेशीर विकत घेतली' हा बचाव चालत नाही.

कॉलनीच्या कोपऱ्यावर पत्ते पैशांवर खेळताना उचलले तर जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ चं १२(अ). बंद जागेत अड्डा असेल तर चालवणाऱ्याला ४, खेळणाऱ्याला ५.

दोन राज्य कायदे असे आहेत की ते पीडिताच्या बाजूने मोठं हत्यार आहेत आणि तरी ठाण्यात बऱ्याचदा सुचत नाहीत. विनापरवाना सावकाराने व्याजात पिळलं असेल तर सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चं ३९ लागतं: पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची तक्रार फक्त ठाण्यात देऊन थांबू नये. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडेही द्यावी, कारण सावकाराच्या घरी झडती घेण्याचे, कोरे धनादेश आणि खरेदीखतं जप्त करण्याचे आणि लुबाडलेली जमीन परत देण्याचे अधिकार त्या बाजूला आहेत. दामदुप्पट योजनेत पैसे बुडाले असतील तर ३१८(४) सोबत ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायद्याचं (१९९९, लोक एमपीआयडी म्हणतात) कलम ३ लावून घेण्याचा आग्रह धरावा. त्यात सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण मोलाचं आहे ते कलम ४: मालमत्ता जप्त होते. नुसत्या फसवणुकीच्या गुन्ह्यात संचालक जामिनावर सुटतात आणि मालमत्ता विकली जाते.

जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ (सहा महिने ते सात वर्षे, दखलपात्र, अजामीनपात्र), सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा (तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र पण जामीनपात्र) आणि रुग्णालयातल्या तोडफोडीचा २०१० चा कायदा (तीन वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई) यांत दखलपात्र-जामीनपात्र हे त्या-त्या कायद्यातच लिहिलंय. जिथे लिहिलेलं नाही तिथे पहिल्या अनुसूचीच्या शेवटचा भाग लागतो: तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर अदखलपात्र व जामीनपात्र, तीन ते सात वर्षे असेल तर दखलपात्र व अजामीनपात्र. ही किल्ली लक्षात ठेवली तर कुठलाही अनोळखी राज्य कायदा निम्मा उलगडतो.

शासकीय कर्मचाऱ्याशी झटापट हा गुन्हाही लोक जुन्या माहितीवर जोखतात. महाराष्ट्राने दंड संहितेचं ३५३ दुरुस्त करून शिक्षा दोनाची पाच वर्षे केली होती. तहसील कार्यालयात टेबलावर हात आपटणाऱ्यालाही त्याची धास्ती असे. दंड संहिता गेली तशी तिच्यावरची ही राज्य सुधारणाही गेली. न्याय संहितेच्या १३२ खाली कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे आहे. सरकारी कार्यालयांतल्या भिंतींवर '३५३, ५ वर्षे' असे फलक अजून लटकलेले दिसतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला ते खरे, नंतरच्या नाही.

पोर्टलवर अजिबात न दिसणारी एक मोठी जागा आहे ती प्रतिबंधक कारवाईची. 'चॅप्टर केस' म्हणतात ती नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ ते १२९ खालची. यात गुन्हा सिद्ध झालेला नसतो, शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागितलं जातं, १२६ खाली एक वर्षापर्यंतचं. नोटीस कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून येते, म्हणजे गावाकडे तहसीलदार, आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्त. ही शिक्षा नाही म्हणून कागद बाजूला टाकला आणि तारखेला गेलं नाही की प्रकरण अंगाशी येतं. तडीपारी (पोलीस अधिनियम ५५ ते ५७) जास्त गंभीर: कमाल दोन वर्षे. आदेशाआधी कलम ५९ ची नोटीस मिळायलाच हवी, आदेशावर राज्य शासनाकडे अपील ३० दिवसांत. ही मुदत चुकवणारे फार.

नोटिशीचा विषय निघालाच आहे तर नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) बद्दल. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस सहसा अटक न करता ही हजर राहण्याची नोटीस देतात. ती घ्यावी, पोच घ्यावी, तारखेला जावं आणि गेल्याची नोंद ठाणे दैनंदिनीत झाली का विचारावं. नोटिशीचं पालन करणाऱ्याला अटक करायची तर कारण लिहावं लागतं. नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवणं वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. आजारी किंवा ६० वर्षांवरील व्यक्तीला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायला उपअधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, ३५(७).

दोषारोपपत्र न्यायालयात गेलं की पोर्टलचा संबंध संपतो आणि ई-कोर्ट्स सुरू होतं. तिथे पोलीस ठाणे, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून प्रकरण सापडतं. जो १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिसेल तो लिहून ठेवावा, पुढे तोच एक पुरतो. दोषारोपपत्राआधी शोधलं तर जामीन अर्ज वेगळ्या क्रमांकाने दिसतो, मूळ खटला नाही. लोक तिथे गोंधळतात. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त. टप्प्याच्या रकान्यात 'एनबीडब्ल्यू' दिसलं तर अजामीनपात्र वॉरंट निघालेलं आहे, त्या दिवशीच वकिलाला फोन करावा. तपास दोषारोपपत्राशिवाय संपला असेल तर समरी शब्द कानावर येतो: 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण उकल नाही, 'बी' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, 'सी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. बी समरीची नोटीस आली की फिर्यादीने हजर राहून हरकत घ्यावी, नाहीतर खोट्या फिर्यादीची कारवाई त्याच्यावरच उलटू शकते.

पोर्टलवरच्या ई-तक्रारीबद्दल एक सावधगिरी. तिथून मिळणारा क्रमांक गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) नाही, एफआयआर नाही. नव्या कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर देता येते, पण तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही केली तरच ती नोंदवली जाते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे, तेवढे दिवस थांबावं लागू शकतं. त्यापलीकडे नोंद होत नसेल तर मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावा, पोच जपावी, आणि मग १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज, सोबत शपथपत्र. अधीक्षकांची पायरी गाळून थेट न्यायालयात गेलेला अर्ज परत येतो.

हे सगळं वाचून कोणी स्वतःच खटला लढवायला निघू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, तालुक्याला तालुका समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत लागतं. आरोपींसाठी तिथे लोक अभिरक्षक कार्यालय आहे, पूर्णवेळ बचाव पक्षाचे वकील. फोन १५१००. जाताना एफआयआरची छापील प्रत, आलेल्या सगळ्या नोटिसा, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा. दाखला तयार नसेल तरी अटकेतल्या माणसाचा अर्ज त्यासाठी अडवत नाहीत.